कमावलेली झडप

मला डुकराची झडप बसवली आहे, ही बातमी आमच्या शाळेत पसरली तेव्हा शेजारच्या वर्गाच्या बाईंनी मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातली भाजी घेणं बंद केलं. चार वर्षं त्या माझी भाजी खात होत्या आणि स्वतःचा डबा एकदाही पुढे केला नव्हता, त्यामुळे माझं नुकसान काहीच झालं नाही. राग मात्र आला. मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. डॉक्टरांनी हृदयाची झडप बदलली, स्वभावाला हात लावला नाही.

त्या गोष्टीला आता नऊ वर्षं होतील. ती झडप झिजली. मुंबईच्या त्याच हॉस्पिटलात, त्याच मजल्यावर बसून मी हे लिहिते आहे. उद्या सकाळी दुसरं ऑपरेशन आहे. शेजारच्या खाटेवर सिन्नरकडची एक लेकुरवाळी बाई आहे, तिलाही झडप सांगितली आहे. काल तिनं हळूच विचारलं, ताई, डुकराचा एखादा रोग आपल्या अंगात येतो का हो? तिला उत्तर देता देता दोन तास गेले. मग वाटलं की हे लिहूनच ठेवावं, कारण प्रश्न विचारणारी ती एकटी नसणार. आणि खरं उत्तर द्यायचं तर माझ्या दादाची गोष्ट सांगावी लागते. त्याला विचारलं. तो म्हणाला, लिही.

जिना

मी नाशिक रोडला प्राथमिक शाळेत शिकवते. माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. सत्ताविसाव्या वर्षी मला वाटू लागलं की दर दिवाळीनंतर कोणीतरी जिन्याला दोन पायऱ्या वाढवतं आहे. आधी एका दमात वर जायचे, मग मधल्या खिडकीपाशी थांबून मैदान बघायचं निमित्त करायचे. शेवटी शेवटी मुलंच म्हणायची, बाई खिडकीपाशी आहेत, अजून वेळ आहे.

नाशिकच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग विचारलं, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? आला होता. सातवीत असताना महिनाभर गुडघे धरून पडले होते. त्या तापानं तेव्हाच हृदयाची डावीकडची झडप खराब करून ठेवली होती म्हणे, आणि मी पंधरा वर्षं ती घेऊन हिंडत होते. झडप बदलावी लागेल, मुंबईला जा, उशीर करू नका, एवढं सांगून त्यांनी चिठ्ठी दिली.

घरी आल्यावर हे म्हणाले, "चहा मी करतो." लग्नाला सहा वर्षं झाली होती, हे पहिल्यांदाच घडत होतं. चहात साखर नव्हती. मी तो तसाच प्याले आणि मग खूप रडले.

दोन झडपा

मुंबईच्या डॉक्टरांनी दोन झडपा सांगितल्या. एक धातूची. ती बसवली की रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर, आणि सारखं रक्त तपासायला मुंबईला यायचं. शिवाय मूल हवं असेल तर त्या गोळ्यांचा धोका. दुसरी डुकराची. तिला त्या गोळ्या लागत नाहीत, पण ती दहा-बारा वर्षांत झिजते. आम्हाला मूल हवं होतं. मी दुसरी म्हटलं.

घरी हे सांगायचं कसं, हा खरा पेच. सासूबाई तुळशीची माळ घातलेल्या. अंड्याचं टरफल दिसलं तरी अंगण धुणाऱ्या. त्यात त्याच सुमारास पेपरात मेंदूज्वराच्या बातम्या येत होत्या, आणि त्याचा विषाणू डुकरांमध्ये राहतो असं छापून आलं होतं. ह्यांनी तो कागद कापून खिशात ठेवला होता. मला दाखवला नाही, डॉक्टरांना दाखवला.

डॉक्टरांनी तो नीट वाचला. ते म्हणाले की डुकरात विषाणू असतात, हे खोटं नाही. जिवंत डुकराचा जिवंत अवयव माणसात बसवायचा असता तर पहिली भीती मीच घातली असती, आणि पुढे कधी कोणी तसं करायला निघालंच तर त्यानं आधी हाच प्रश्न विचारावा. पण ही झडप जिवंत नसते. ती औषधी द्रावणात मुरवून ठेवलेली असते, त्यात काही जगत नाही. शंभर टक्के शपथ कोणी घेऊ नये, पण मला डुकराची काळजी कमी आणि बाकीच्या गोष्टींची जास्त आहे.

बाकीच्या म्हणजे कोणत्या, हे तेव्हा आम्ही विचारलं नाही.

त्या दिवशी दादा सोबत होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या चामड्याच्या कामातलं. मूळ गाव हरसूलजवळचं. वडील गेल्यावर दादानं नाशिक रोड स्टेशनजवळ चपलांचं दुकान टाकलं आणि त्यावर मला डी.एड.पर्यंत शिकवलं. विषाणू वगैरे त्याच्या डोक्यावरून गेलं होतं, पण 'मुरवून' हा शब्द त्यानं बरोबर पकडला. घरी येऊन त्यानं सासूबाईंच्या पुढ्यात नवी चप्पल ठेवली.

"मावशी, कच्चं कातडं चार दिवसांत सडतं, त्यात किडे पडतात," तो म्हणाला. "तेच बाभळीच्या सालीत मुरवलं की वर्षानुवर्षं पायात ऱ्हातं. मग त्याच्यात जनावर नसतं, नुसतं कातडं असतं. सुमीची झडप तशीच कमावलेली हाय."

सासूबाई चपलेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण डुकराचीच का? देवानं दुसरं जनावर केलं नव्हतं का?" पण ऑपरेशनला त्यांनी आडकाठी केली नाही.

बाटली

ऑपरेशनआधी रक्त द्यायला माणसं आणा, असं हॉस्पिटलनं सांगितलं होतं. माझ्या गटाची दोन माणसं मिळाली, दादा आणि त्याच्या शेजारचा पानवाला. दादाच्या चेहऱ्यावर तर निवडणूक जिंकल्यासारखा आनंद. मला तो म्हणाला, बघ, गट पण तोच निघाला.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही आणि ज्यांना व्हायचं आहे त्यांनाही आठवणार नाही, तेव्हा त्याची भीती बाळगू नका. भीती बाळगायची तर खोकल्याची. छातीच्या मधोमध टाके, आणि नर्स म्हणते, खोका. उशी छातीशी गच्च धरून खोकायचं, ही युक्ती मला आयाबाईंनी शिकवली. त्या चिपळूणच्या. रोज सकाळी माझी वेणी घालायच्या, कारण माझे हात वर होत नव्हते. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना, त्यांच्या कामात ते बसतही नव्हतं.

शुद्धीवर आले तेव्हा डोक्यावर रक्ताची काचेची बाटली टांगलेली होती. नर्सनं चिठ्ठी वाचून सांगितलं की हे तुमच्या भावाचं. मी त्या बाटलीकडे बघत पडून राहिले. नळीतून एकेक थेंब येत होता आणि मला वाटत होतं, आता काही होणार नाही, दादा आलाय.

पिवळं पाणी

अडीच महिन्यांनी, मी जिन्यावर न थांबता वर जाऊ लागले होते तेव्हा, अन्नावरची वासना उडाली. आठवड्यात डोळे पिवळे झाले. लघवी चहासारखी. नाशिकच्या डॉक्टरांनी कावीळ सांगितली आणि मुंबईला दाखवून या म्हणाले. पण उठून बसायचं त्राण नव्हतं, ते पंधरा दिवस लांबलं.

त्या पंधरा दिवसांत घरात जे झालं ते लिहिताना आजही हात अडतो. सासूबाईंनी माझा कप, ताट, तांब्या वेगळा केला. त्या वाईट नव्हत्या. पेज त्याच करायच्या, ऊस सोलून तुकडे त्याच द्यायच्या. पण द्यायच्या त्या माझ्या ताटात वरून टाकून. शेजारणीला म्हणाल्या, डुकराची कावीळ आहे. मी आतून ऐकलं. ह्यांनी पेपराचा तो जुना कागद पुन्हा काढला आणि पहिल्यांदा माझ्यादेखत वाचला. म्हणाले, ती झडप काढून टाकता येईल का ते विचारू या. पुन्हा छाती उघडायची. त्या विचारानं मला असा घाम फुटला की चादर बदलावी लागली.

दादा एकटाच ठाम होता. "कमावलेल्यातून काही येत नाय," एवढंच म्हणायचा. आणि एका रविवारी तो हरसूलहून काविळीवाल्या बाबांना घेऊन आला.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे कावीळ बरी करत नाहीत, उतरवतात. बाबांनी माझ्या हातांना कसल्याशा सालीचा रस चोळला आणि काशाच्या ताटावर हात धरायला लावून वरून चुन्याची निवळी ओतली. पाणी पिवळंधमक झालं. मग डोक्यावर बारीक काड्यांची माळ ठेवली. ती दिवसागणिक वाढत जाते, गळ्यात उतरते, कमरेपर्यंत आली की कावीळ गेली. मी शिक्षिका आहे. मला कळत होतं की त्या रसानं कोणाचेही हात पिवळे झाले असते आणि काड्या सुकल्या की माळ सैल होतेच. पण दादाच्या तोंडाकडे बघून मी मुकाट्यानं हात पुढे केले. तो सासूबाईंना कौतुकानं सांगत होता की मी सोळा वर्षांचा असताना मला पण ह्या बाबांनीच बरं केलं, आठ दिवसांत उतरवली, पुन्हा म्हणून नाव नाही. सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं.

चिठ्ठी

मुंबईच्या डॉक्टरांनी माझं रक्त तपासायला पाठवलं. आठवड्यानं बोलावून ते म्हणाले की झडप उत्तम आहे, तिला हात लावायचं कारण नाही. ही कावीळ डुकराची नव्हे, माणसाची. एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जाते, आणि अंगात गेल्यावर दोन-अडीच महिन्यांनी वर येते. तुम्हाला रक्त कोणी दिलं? त्यांच्यापैकी कोणाला कधी कावीळ झाली होती?

हे लगेच म्हणाले, नाही, रक्तपेढीत विचारलं होतं, दोघंही नाही म्हणाले.

माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गावचं अंगण होतं. मी दहा वर्षांची, दादा पाटावर बसलेला, आणि ताटातलं पिवळं पाणी निवडुंगाच्या कुंपणात ओतायला मला पाठवलेलं. मी ते सांडू न देता नेलं होतं.

डॉक्टरांनी दोघांच्या तपासणीसाठी दोन चिठ्ठ्या दिल्या. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती सगळ्यांसाठी लिहिते: ही कावीळ कपातून, ताटातून जात नाही, रक्तातून आणि न उकळलेल्या सुईतून जाते. माणसं वेगळी काढू नका. ह्यांनी घरी येऊन ते आईला सांगितलं. पण डुकराचा संशय एकदा बसला की बसला, माझा कप वेगळाच राहिला.

पानवाला चिठ्ठी घेऊन गेला, त्याचं रक्त चांगलं निघालं. दादाची चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवली आणि ह्यांना सांगितलं की त्याला दिली. खोटं बोलले. ज्यानं मला शिकवलं, रक्त दिलं, त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? सगळे डुकराला बोल लावत होते. लावू देत, म्हटलं. डुक्कर काही तक्रार करायला येणार नव्हतं.

तीन आठवडे मी असे काढले. डोळे निवळत होते, भूक परतत होती, आणि मी बरी होते आहे याचा आनंद मला घेता येत नव्हता.

मग ह्यांनी एका संध्याकाळी सांगितलं की दादाच्या आळीतल्या व्यापाऱ्यांनी रक्तदान शिबिर ठरवलं आहे, परवाच्या रविवारी. यादीत पहिलं नाव दादाचं. त्यानं स्वतः पुढाकार घेतला, म्हणाला, एका बाटलीनं माझी बहीण वाचली.

दुकान

शनिवारी शाळा सुटल्यावर मी दुकानात गेले. दादा खाली बसून रापीनं तळव्याचं चामडं कापत होता. मला बघून त्यानं स्टूल पुसलं, चहा सांगितला. चहा येऊन गार झाला तरी मला सुरुवात सापडेना. शेवटी पर्समधून चिठ्ठी काढली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली.

"दादा, उद्या रक्त देऊ नकोस."

"का? अशक्त दिसतोय का मी?"

"रक्तपेढीत तुला विचारलं होतं ना, कावीळ झाली होती का म्हणून. तू नाही का म्हणालास?"

तो माझ्याकडे खरोखर न समजून बघत होता. "उतरवली होती ना ती," तो म्हणाला. "ताटातलं पाणी तूच तर ओतून आलीस. होती म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं."

मी त्याला सांगितलं, वर्गात सांगते तसं, हळूहळू. ती उतरली नव्हती. तू बरा झालास, पण ती रक्तात राहून गेली. काही जणांच्या राहते, त्यांना स्वतःला कळतही नाही. तू ठणठणीत राहतोस आणि ज्याला रक्त मिळतं त्याला ती होते.

दादाच्या हातातली रापी चामड्यावर तशीच टेकलेली होती. त्यानं ती बाजूला ठेवली, हात मांडीला पुसले.

"म्हणजे तुला मी दिली."

"तू रक्त दिलंस म्हणून मी ऑपरेशनातून उठले. दोन्ही खरं आहे, दादा."

मी रडत होते, तो नाही. मग त्यानं एकच विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक?" तीन आठवडे, म्हटलं. तेव्हा मात्र त्याचे डोळे भरले. म्हणाला, "तीन आठवडे एकटीनं वागवलंस? वेडी हायेस तू."

त्यानं दुकान बंद केलं आणि मला म्हणाला, चल. मला वाटलं मला घरी सोडतो आहे. तो आमच्या घरात शिरला, सासूबाईंसमोर उभा राहिला.

"मावशी, डुकराचं काही नाय. कावीळ माझी होती. माझ्या रक्तातनं गेली."

सासूबाईंनी त्याला बसायला सांगितलं. आत जाऊन चहा ठेवला. बाहेर आल्या तेव्हा ताटलीत तीन सारखे कप होते, माझा वेगळा कप त्यांत नव्हता. दादापुढे कप ठेवताना त्या म्हणाल्या, "देणाऱ्याला काय ठाऊक रे बाबा, आत काय हाय ते." मी त्यांच्यावर दीड महिना धरलेला राग त्या एका वाक्यापाशी सोडला. इतका लवकर माझा राग त्याआधी कधी गेला नव्हता.

दादानं तपासणी करून घेतली. डॉक्टर म्हणाले तेच निघालं. तो महिनाभर आमच्याकडे आला नाही. मग एका सकाळी पेरू घेऊन आला आणि जणू कालच येऊन गेल्यासारखा बोलू लागला. माझी कावीळ पूर्ण गेली, रक्तातूनही गेली. पुढं दोन वर्षांनी मुलगी झाली. डुकराच्या झडपेवर मी बाळंतपण काढलं, नऊ वर्षं जिना चढले. तिनं कधी कसलाही रोग दिला नाही. फक्त झिजली, आणि ते तर आधीच सांगितलं होतं.

आज

या वेळी धातूची बसवणार आहेत. मूल झालं, आणि रक्त तपासायची सोय आता नाशिकलाही आहे. धातूच्या झडपेची टिकटिक ऐकू येते म्हणतात. वर्ग शांत असेल तरच, म्हणजे मला ती कधी ऐकू येणार नाही.

भीती आहे. पहिल्यापेक्षा जास्त आहे, कारण आता घरी सात वर्षांची पोर आहे आणि तिला वेणी घालता येत नाही. शेजारच्या बाईला मी सांगितलं की डुकराला घाबरू नकोस, आणि डॉक्टरांना सगळं विचार, ज्याला आपण डोळे मिटून 'हो' म्हणतो ते आधी विचार.

रक्त द्यायला आज सकाळी नाशिक रोडहून सहा जण आले. दादानंच गोळा करून आणले, सगळे चपला आणि बुटांच्या दुकानांतले. रक्तपेढीचा कारकून एकेकाला कागदावरचे प्रश्न विचारत होता. कावीळ? नाही. कावीळ? नाही. सहाही जण नाही म्हणाले. आता रक्ताची तपासणीही होते, पण दादाचा नुसत्या कागदावर भरवसा नाही. मी चाकाच्या खुर्चीत होते, एक्स-रेला नेत होते मला. खुर्ची ढकलणाऱ्या आयाबाईंना म्हटलं, जरा थांबा.

दादा रांगेपाशी गेला. ज्याला स्वतःला पुन्हा कधी रक्त देता येणार नाही असा तो एकटाच तिथे होता. प्रत्येकाच्या समोर उभं राहून, खांद्यावर हात ठेवून, आपल्या भाषेत त्यानं एकच प्रश्न विचारला.

"कावीळ झाली होती का कधी? उतरवलेली असली तरी सांग."

पाच जणांनी पुन्हा मान हलवली. सहावा, वीस-बावीस वर्षांचा, कामाला नवीन लागलेला, थोडा गोंधळला. म्हणाला, लहानपणी झाली होती, पण ती उतरवली.

दादा रागावला नाही. त्यानं त्याला अलगद रांगेतून बाहेर घेतलं आणि म्हणाला, "चल, आपण दोघं चहा घेऊ."